‘आल्याचं’ की ‘येत असल्याचं’? लॅटिन शिकणाऱ्यांची पत्रं

मागच्या अंकात आपण लॅटिनमधलं अप्रत्यक्ष विधान सुरू केलं होतं, म्हणजे ‘अमुक म्हणतो की तमुक झालं’ हे लॅटिनमध्ये कसं बसवायचं ते. नियम एवढाच होता की मधला ‘की’ उडवायचा, आतल्या वाक्याचा कर्ता द्वितीयेत टाकायचा आणि क्रियापदाचं इन्फिनिटिव्ह (‘येणं’, ‘जाणं’सारखं रूप) करायचं. साध्या इन्फिनिटिव्हची वाक्यं बहुतेकांना जमली, पण शेवटी दिलेली परफेक्ट इन्फिनिटिव्हची, म्हणजे ‘आल्याचं’, ‘केल्याचं’ या अर्थाची, वाक्यं बघून मेलबॉक्स भरला, त्यामुळे यावेळचं सगळं सदर त्यावरच. उच्चार जुन्या रोमन पद्धतीने देतेय, म्हणजे ‘सी’ला क आणि ‘व्ही’ला व. चर्चमधले उच्चार वेगळे असतात, त्यावर एक पत्र खाली आहेच.

प्रश्न : ताई नमस्कार. मी ऐरोलीला आयटीत आहे, ठाण्याहून ट्रान्सहार्बरने जातायेता लॅटिनचं पुस्तक काढतो. ‘दीकित पुएल्लम वेनीरे’ म्हणजे ‘तो म्हणतो मुलगी येतेय’ इथपर्यंत झकास चाललंय. पण ‘दीक्सित पुएल्लम वेनीरे’चं उत्तर पुस्तकात मागे इंग्रजीत ‘वॉज कमिंग’ असं आहे, ‘दीक्सित पुएल्लम वेनिस्से’चं ‘हॅड कम’, आणि तेच वेनिस्से ‘दीकित’बरोबर आलं की नुसतं ‘केम’. एकाच वेनिस्सेचे दोन काळ कसे काय? चार्ट बनवला, पाठ केला, विसरलो, परत पाठ केला. काहीतरी सोपं सांगा ना.
— ठाणे पूर्व

उत्तर : चार्ट फाडून टाका. खरंच. तुमचा गोंधळ लॅटिनचा नाहीये, इंग्रजीचा आहे. इंग्रजीत बाहेरचं क्रियापद भूतकाळात गेलं की आतलंही मागे सरकवावं लागतं, लॅटिनमध्ये असं काही होत नाही आणि मुख्य म्हणजे मराठीतही होत नाही. तुम्ही लॅटिन वाचून आधी त्याचं इंग्रजी करताय आणि मग त्या इंग्रजीचं मनात मराठी करताय, मधला स्टॉप कशाला हवाय?

रोजचा पेपर उघडा. ‘घोडबंदर रोडवर टेम्पो उलटल्याचं वाहतूक पोलिसांनी सांगितलं.’ ‘घोडबंदर रोडवर कोंडी होत असल्याचं पोलिसांनी सांगितलं.’ ‘रात्री एक लेन बंद राहणार असल्याचं पोलिसांनी सांगितलं.’ उलटल्याचं, होत असल्याचं, राहणार असल्याचं. आता ‘सांगितलं’ काढून ‘सांगतात’ घाला, आतलं काही बदललं का? नाही बदललं. टेम्पो सांगण्याच्या आधी उलटला, कोंडी सांगताना चालू आहे, लेन सांगितल्यानंतर बंद होणार, एवढंच त्यातून कळतं. लॅटिनची तिन्ही इन्फिनिटिव्ह हेच काम करतात. वेनिस्से म्हणजे ‘आल्याचं’, वेनीरे म्हणजे ‘येत असल्याचं’, आणि वेन्तूरम एस्से म्हणजे ‘येणार असल्याचं’. इन्फिनिटिव्हला स्वतःचा असा काळ नसतोच, बाहेरच्या क्रियापदाच्या आधी, बरोबर की नंतर एवढंच ते सांगतं.

म्हणून ‘दीकित पुएल्लम वेनिस्से’ म्हणजे मुलगी आल्याचं तो सांगतो, आणि ‘दीक्सित पुएल्लम वेनिस्से’ म्हणजे मुलगी आल्याचं त्याने सांगितलं. झालं. (हे दीक्सित म्हणजे आपले दीक्षित नव्हेत, वर्गात दर वर्षी कोणीतरी हा विनोद करतंच, तर मीच करून टाकते.)

महिनाभर एक करा. गाडीत बसायला मिळो न मिळो, मोबाइलवर कुठलीही मराठी बातमी उघडा आणि ‘-ल्याचं’ दिसलं की मनात म्हणा परफेक्ट, ‘असल्याचं’ दिसलं की त्याच्या आधी ‘त’ आहे की ‘णार’ ते बघा. पण मध्ये एक फसवं रूप आहे. ‘तो आजारी असल्याचं कळलं’ हे वर्तमान आहे, त्यात ‘ल्याचं’ आहे म्हणून परफेक्ट धरू नका. ‘असणं’ हे क्रियापदच तसं आहे, तिथे लॅटिनमध्ये एस्से येईल. ‘तो आजारी होता असं कळलं’ असेल तर फुइस्से.

प्रश्न : मॅडम, मी अकरावीला आहे, वाशीला. मला परफेक्ट इन्फिनिटिव्ह बनवताच येत नाहीत. मी ‘कपेरे’चं ‘कपिस्से’ लिहिलं तर ते चूक आहे म्हणे. का चूक?

उत्तर : कारण तू वर्तमानाच्या धातूला ‘इस्से’ चिकटवलंस. इस्से चिकटतं परफेक्टच्या धातूला. डिक्शनरीत लॅटिन क्रियापदाची चार रूपं देतात ना, ‘कपिओ, कपेरे, केपी, कप्तुम’, त्यातलं तिसरं उचल, शेवटची ‘ई’ काढ आणि ‘इस्से’ लाव. केपी, केपिस्से. अमावी, अमाविस्से. मोनुई, मोनुइस्से. दूक्सी, दूक्सिस्से. औदीवी, औदीविस्से. आणि याला अपवाद नाहीत! लॅटिनमध्ये असं वाक्य लिहायला क्वचित मिळतं म्हणून मुद्दाम लिहितेय. ‘एस्से’सारखं वाकडं क्रियापदसुद्धा इथे सरळ वागतं, फुई, फुइस्से. ‘फेर्रे’ म्हणजे वाहून नेणं, त्याचं तिसरं रूप तुली, त्याचा मूळ क्रियापदाशी चेहरासुद्धा जुळत नाही, पण इन्फिनिटिव्ह गपचूप तुलिस्से.

म्हणजे सगळी अडचण तिसरं रूप पाठ नसण्याची आहे, इस्सेची नाही. क्लासमध्ये पहिल्या वर्षी पहिली दोनच रूपं पाठ करून घेतात आणि ‘बाकीची नंतर बघू’ म्हणतात, मला हे अजिबात पटत नाही, कारण ते ‘नंतर’ नेमकं इथे येऊन धडकतं. रोज थोडी क्रियापदं घे, चारही रूपं मोठ्याने म्हण, तालात, पाढ्यांसारखी.

पुढे गोष्टी वाचायला लागलीस की ‘अमास्से’, ‘औदीस्से’ अशी रूपं दिसतील, घाबरू नकोस, ती अमाविस्से आणि औदीविस्सेच आहेत, मधला ‘वि’ खाल्लाय. आपण ‘काय करतोयस’चं ‘काय करतोस’ करतो त्यातलाच प्रकार. खाण्यावरून आठवलं, ‘खाणं’ या अर्थाचं एक लॅटिन क्रियापद आहे, त्याचं वर्तमान इन्फिनिटिव्ह एदेरे, पण ते एस्से असंही होतं, आणि लिहिताना ते ‘असणं’वाल्या एस्सेसारखंच दिसतं (उच्चारात पहिला स्वर लांब). परफेक्टमध्ये मात्र गोंधळ संपतो, खाल्ल्याचं ते एदिस्से, ‘होता’ असं म्हणायचं तर फुइस्से. ‘पुएर दीकित से पानेम एदिस्से’, आपण पाव खाल्ल्याचं मुलगा सांगतो. त्या पावात वडा होता का हे सांगायला रोमन लोकांकडे शब्द नव्हता, बटाटाच नव्हता.

प्रश्न : पाच वाक्यं करून पाठवतोय, तपासून द्याल का? १. औदिओ अमीकुम मेउम रोमम वेनिस्से. २. मातेर दीक्सित फीलिअम केनम परातम एस्से. ३. स्कीमुस कैसर ओक्कीसुम एस्से. ४. मगिस्तेर नेगत दिस्किपुलोस लिब्रुम लेगेरे. ५. नून्तिउस दीक्सित होस्तेस विक्तुम एस्से.
— कळवा

उत्तर : पहिलं एकदम बरोबर, ‘माझा मित्र रोमला आल्याचं ऐकतो’. रोमम ही पण द्वितीया आहे, पण ती ‘कुठे’ची, तिला कर्ता समजून कोणी घोळ घालू नका.

दुसऱ्यात तुम्हाला म्हणायचं होतं ‘मुलीने जेवण तयार केल्याचं आईने सांगितलं’. ‘परातम एस्से’ म्हणजे ‘तयार केली गेल्याचं’, पॅसिव्ह. मग मुलगी तयार केली गेली की जेवण, वाक्य कोणालाच कळणार नाही. मुलगी कर्ता हवी असेल तर अॅक्टिव्ह घ्या, ‘फीलिअम केनम पराविस्से’. किंवा जेवणाला पुढे आणा, ‘केनम आ फीलिआ परातम एस्से’, मुलीकडून जेवण तयार झाल्याचं. ही चूक का होते ते मला माहीत आहे, आपल्या ‘केल्याचं’मध्ये अॅक्टिव्ह-पॅसिव्ह लपून जातं. ‘अतिक्रमण हटवल्याचं कळलं’ यात कोणी हटवलं ते न सांगताही वाक्य चालतं. लॅटिनमध्ये ठरवावं लागतं, ‘-विस्से’ की ‘-तुम एस्से’. मराठीची मदत घ्या म्हटलं ना वर, ती मदत इथे मात्र थांबते.

तिसऱ्यात कैसर प्रथमेत राहिला. सीझर मारला गेल्याचं आपल्याला माहीत आहे, इ.स.पू. ४४, १५ मार्च, तर ‘स्कीमुस कैसरेम ओक्कीसुम एस्से’. नावांना द्वितीया लावायला लोक का लाजतात कळत नाही.

चौथं व्याकरणाने बरोबर आहे, पण त्याचा अर्थ ‘मुलं पुस्तक वाचत नसल्याचं मास्तर म्हणतात’. तुम्ही खाली मराठी लिहिलंय ‘वाचलं नाही’, मग लेगिस्से हवं. नेगत वापरलंत त्याबद्दल मात्र शाबासकी, बरेच जण ‘दीकित नोन’ लिहितात. ‘नाही असं म्हणणं’ याला लॅटिनमध्ये नेगारे हे वेगळं क्रियापद असताना रोमन माणूस शक्यतो तेच वापरतो.

पाचव्यात विक्तुम नको, विक्तोस. शत्रू अनेक आहेत. पॅसिव्ह परफेक्ट इन्फिनिटिव्ह म्हणजे कृदंत अधिक एस्से, आणि ते कृदंत आपल्या द्वितीयेतल्या कर्त्याशी लिंग, वचन, विभक्ती सगळ्यात जुळतं. उर्बेम कप्तम एस्से, ओप्पिदुम कप्तुम एस्से, होस्तेस विक्तोस एस्से. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना हे फार जड जातं म्हणे, पण आपल्याला जायला नको हो. भाकरी खाल्ली, आंबा खाल्ला, पोहे खाल्ले, हे आपण झोपेतही चुकत नाही. तीन लिंगं मराठीत, तीन लॅटिनमध्ये. फक्त ‘-ल्याचं’ केलं की मराठीत सगळं सपाट होतं, भाकरी खाल्ल्याचं, आंबा खाल्ल्याचं, पोहे खाल्ल्याचं. लॅटिनमध्ये सपाट होत नाही. म्हणून लिहायच्या आधी सुटं वाक्य एकदा म्हणून बघा, ‘शत्रू जिंकले गेले’, गेले, अनेकवचन, विक्तोस. लिंग मात्र लॅटिन शब्दाचं घ्यायचं, उर्ब्स म्हणजे शहर हे तिकडे स्त्रीलिंगी आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, नौपाड्यात राहते. शाळेत संस्कृत शिकवलं, आता हौस म्हणून सीझरचं गॅलिक युद्ध हळूहळू वाचतेय. पहिल्या खंडाच्या सातव्या प्रकरणात अडले. तिथे द्वितीया आहेत, कृदंतं आहेत, पण इन्फिनिटिव्ह कुठेच नाही. तुम्ही म्हणता इन्फिनिटिव्ह असायलाच हवं. मग ते गेलं कुठे?

उत्तर : बाई, तुम्ही बरोबर जागी अडलात. ते वाक्य सगळ्यांसाठी मांडते. इ.स.पू. ५८, हेल्वेती नावाच्या टोळीने सीझरकडे आपल्या रोमन प्रांतातून वाट मागितली आहे. सीझर द्यायला तयार नाही, का, तर ‘मेमोरिआ तेनेबत’, त्याच्या लक्षात होतं, काय लक्षात होतं, तर ‘लूकिउम कस्सिउम कोन्सुलेम ओक्कीसुम एक्सेर्कितुमक्वे एइउस अब हेल्वेतिईस पुल्सुम एत सुब युगुम मिस्सुम’. कॉन्सल (रोमचा सर्वोच्च अधिकारी) लूकिउस कस्सिउस मारला गेल्याचं, त्याचं सैन्य हेल्वेतींनी उधळल्याचं आणि जोखडाखालून धाडल्याचं. ओक्कीसुम, पुल्सुम, मिस्सुम. तिन्हींच्या पुढे एस्से आहे, फक्त लिहिलेलं नाही. पॅसिव्हचं हे एस्से लॅटिन लेखक सर्रास गाळतात, सीझर तर फारच. संस्कृतात ‘रामेण रावणः हतः’ म्हणताना तुम्ही ‘अस्ति’ शोधत बसता का? तसंच.

मग ओळखायचं कसं? बाहेर बोलण्याचं, जाणण्याचं, ऐकण्याचं क्रियापद दिसलं, आत द्वितीया दिसली आणि तिच्याशी जुळणारं कृदंत एकटंच उभं दिसलं की पेन्सिलने बारीक एस्से लिहून टाका. वाक्य उलगडतं. इथे ‘मेमोरिआ तेनेबत’ हे दोन शब्दांचं मिळून ‘आठवत होतं’ असं क्रियापद झालंय, त्यामुळे आधी ते ओळखावं लागतं, ही या वाक्यातली खरी मेख.

आणि हे आठवणं नुसतं व्याकरणापुरतं नाहीये. कस्सिउस मारला गेला ते इ.स.पू. १०७ मध्ये, म्हणजे सीझरचा जन्मही व्हायचा होता. जोखडाखालून जायला लावणं म्हणजे हरलेल्या सैन्याची उघड बेइज्जती. तिन्ही परफेक्ट इन्फिनिटिव्ह एकापुढे एक ठेवून सीझर जुना हिशोब वाचून दाखवतोय, आणि पुढे तेराव्या प्रकरणात हेल्वेतींकडून बोलणी करायला जो दिविको येतो तो त्याच जुन्या युद्धातला त्यांचा सेनापती. त्याचं भाषण सीझरने सगळं अप्रत्यक्ष विधानात दिलंय, ते आता सोडू नका, तुमचा हात बसलाय. संस्कृतातला ‘इति’ मात्र तिकडे शोधू नका, सापडणार नाही.

प्रश्न : से कधी आणि एउम कधी? माझं कायम उलटं होतं. — नेरूळ

उत्तर : ‘त्याने आपण आल्याचं सांगितलं’ आणि ‘तो आल्याचं त्याने सांगितलं’. पहिल्यात बोलणारा आणि येणारा एकच, तिथे से. दुसऱ्यात येणारा दुसराच कोणीतरी, तिथे एउम, बाई असेल तर एअम. ‘मार्कुस दीक्सित से वेनिस्से’, मार्कुस स्वतः आला. ‘मार्कुस दीक्सित एउम वेनिस्से’, आला तो लूकिउस असेल, मार्कुस नाही. मराठीत बोलताना आपण इथे ढिलाई करतो, ‘तो म्हणाला तो येऊन गेला’ असं म्हणून मोकळे होतो आणि ऐकणारा संदर्भाने समजून घेतो. लॅटिनला ही ढिलाई चालत नाही, म्हणून भाषांतराच्या आधी मराठी वाक्यात ‘आपण’ बसतं का बघा, बसलं तर से.

आता यातली गंमत बघा. से या रूपात ना लिंग दिसतं ना वचन, पुरुष, बाई, एक, शंभर, सगळ्यांना सेच. पण पुढे कृदंत आलं की भांडं फुटतं. ‘निघणं’ या अर्थाचं जे क्रियापद आहे ते डेपोनंट, म्हणजे रूप पॅसिव्हचं पण अर्थ अॅक्टिव्ह, त्याचं परफेक्ट इन्फिनिटिव्ह प्रोफेक्तुम एस्से. मुलगा म्हणाला तर ‘से प्रोफेक्तुम एस्से’, मुलगी म्हणाली तर ‘से प्रोफेक्तम एस्से’, मुलगे म्हणाले तर ‘से प्रोफेक्तोस एस्से’, मुली म्हणाल्या तर ‘से प्रोफेक्तास एस्से’. आपल्याकडे ‘निघालो, निघाले, निघालो, निघालो’, मराठीचं अनेकवचनसुद्धा हे सांगत नाही. पेपर तपासताना सगळ्यात जास्त लाल शाई इथेच जाते, मुलं ‘पुएल्ला दीक्सित से प्रोफेक्तुम एस्से’ लिहून मोकळी होतात, का तर से समोर दिसतो आणि पुएल्ला मागे राहिलेली असते.

प्रश्न : ताई, आमचं घर ईस्ट इंडियन, ठाण्यातच पिढ्यान्‌पिढ्या. आजोबांना लॅटिन मिस्सा तोंडपाठ होती. ते ‘कोन्फितेओर’ म्हणायचे त्यात ‘क्विआ पेक्कावी निमिस’ असं आहे, म्हणजे ‘मी कबूल करतो की मी फार पाप केलं’. इथे तर ‘की’ आहे, इन्फिनिटिव्ह नाही. मग आजोबांचं लॅटिन चूक का तुमचा नियम? शिवाय ते ‘दीचित’ म्हणायचे, ‘दीकित’ नाही.

उत्तर : आजोबांचं काहीही चुकलेलं नाही. आपण शिकतोय ते सीझर आणि त्याच्या काळातला वक्ता-लेखक सिसेरो यांच्या वेळचं लिखित लॅटिन, त्यात हे वाक्य ‘कोन्फितेओर मे पेक्काविस्से’ असं झालं असतं, मी पाप केल्याचं कबूल करतो. पण बोलचालीत लोकांना ही द्वितीया-इन्फिनिटिव्हची कसरत जड जात असणार, हळूहळू क्वोद, क्विआ लावून सरळ वाक्य जोडायची पद्धत रुळली, आणि लॅटिन बायबलमध्ये आणि चर्चच्या प्रार्थनांमध्ये ती भरपूर दिसते. बायबलच्या पहिल्याच प्रकरणात देवाने ते चांगलं असल्याचं पाहिलं तिथे ‘क्वोद’ आहे, इन्फिनिटिव्ह नाही. पुढे लॅटिनच्या लेकींनी, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज सगळ्यांनी, ‘की’वालीच पद्धत धरली. वसई १७३९ मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत आपल्या या पट्ट्यात ज्यांची सत्ता होती त्या पोर्तुगिजांच्या भाषेत ‘मी म्हणतो की’ म्हणताना ‘के’ येतं, अगदी आपल्या ‘की’सारखंच ऐकू येतं, आणि खूप मागे गेलं तर दूरचं नातंही निघतं.

दीचितचंही तसंच, ते चर्चमधले इटालियन वळणाचे उच्चार. १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकांच्या भाषेत होऊ लागली, त्याच्या आधीच्या पिढीच्या कानात तेच बसलेलं आहे. आजोबांची प्रार्थना आहे तशीच म्हणा. हवं तर सरावासाठी एकदा क्विआ काढून पेक्काविस्से करून बघा, पण वहीत, मिस्सेला नको.

प्रश्न : ‘दीकित मार्कुम लूकिउम वीदिस्से’. कोणी कोणाला पाहिलं? दोघंही द्वितीयेत! — कोपरखैरणे

उत्तर : सांगता येत नाही. बहुतेक वेळा आधी येतो तो कर्ता, पण लॅटिनमध्ये शब्दांच्या क्रमावर पैज लावू नये. याचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे एपिरसचा राजा पिरस. तो इ.स.पू. २८० मध्ये रोमशी लढायला इटलीत उतरला, त्याच्या आधी त्याने अपोलोच्या देवळात कौल लावला असं एन्निउस या जुन्या रोमन कवीने लिहून ठेवलंय, आणि देवाचं उत्तर होतं, ‘आइओ ते, आइअकिदा, रोमानोस विन्केरे पोस्से’ (आइअकिदा म्हणजे पिरसच). मी सांगतो, तू रोमनांना जिंकू शकतोस. किंवा, मी सांगतो, रोमन तुला जिंकू शकतात! ‘ते’ पण द्वितीया, ‘रोमानोस’ पण द्वितीया. पिरसने सोयीचा अर्थ घेतला. काही लढाया जिंकलाही, पण इतकी माणसं गमावून की तसल्या विजयाला आजही त्याचंच नाव देतात, आणि २७५ मध्ये इटली सोडून गेला.

सिसेरोने ही गोष्ट ऐकवून पुढे थट्टा केलीय की अपोलो लॅटिनमध्ये कधी बोललाच नाही. ग्रीक देव, तो लॅटिन व्याकरणात श्लेष कशाला करेल? हेच वाक्य सरावाला घ्या, ‘किकेरो नेगत अपोल्लिनेम लतीने उम्क्वम लोकूतुम एस्से’. लोकूतुम एस्से, डेपोनंट, बोलल्याचं. आणि नेगतमध्ये नकार आहेच म्हणून ‘कधीच नाही’चं नुम्क्वम न येता ‘कधी’चं उम्क्वम आलं, नाहीतर दोन नकार होतील.

तुमच्या वाक्यावर उपाय सोपा आहे, पॅसिव्ह करा. ‘दीकित लूकिउम आ मार्को वीसुम एस्से’, मार्कुसकडून लूकिउस पाहिला गेल्याचं. संशय संपला. पिरसच्या कौलातही पॅसिव्ह असतं तर भविष्य स्पष्ट झालं असतं, पण मग तो कौल कसला.

थोडक्यात : घणसोलीहून विचारलंय, ‘मेमिनिस्से’ परफेक्ट दिसतं मग अर्थ ‘आठवल्याचं’ का नाही? कारण त्या क्रियापदाला वर्तमानाची रूपंच नाहीत, रूप परफेक्टचं आणि अर्थ वर्तमानाचा. ओदिस्से म्हणजे द्वेष करणं, तेही तसंच. नोविस्से म्हणजे माहीत असणं, तेही व्यवहारात तसंच वागतं. ही तीन वेगळी लिहून ठेवा.

मुंब्र्याहून विचारलंय, ‘उर्बेम कप्तुम ईरी’ बघितलं, तिथे कप्तम का नाही? ते भविष्यातलं पॅसिव्ह आहे, शहर घेतलं जाणार असल्याचं, आणि त्यातलं कप्तुम कधीच बदलत नाही, कारण ते कृदंत नसून सुपाइन, म्हणजे क्रियापदापासून बनलेलं नाम, आहे. फार क्वचित भेटतं. एस्से असेल तर जुळवा, ईरी असेल तर हात लावू नका.

बेलापूरहून, ‘हुकूम दिला’बरोबर परफेक्ट इन्फिनिटिव्ह का दिसत नाही? होऊन गेलेल्या गोष्टीचा हुकूम कसा देणार हो. आशा आणि वचन यांच्या क्रियापदांबरोबरही बहुतेकदा भविष्याचंच येतं.

पुढच्या अंकासाठी : यांचं लॅटिन करून पाठवा. मुलीने पत्र लिहिल्याचं आई म्हणते. शहर जाळलं गेल्याचं दूताने कळवलं. मुली निघाल्याचं राजाला माहीत आहे. सैनिक पळून गेले असं आम्ही ऐकलं. आपण काहीही पाहिलं नसल्याचं चोर म्हणाला. शेवटच्याला ‘दीक्सित’ने सुरुवात केलीत तर पुढे अडकाल, वरचं मास्तरांचं वाक्य परत बघा, आणि चोर एकटाच आहे.